निबंध मागे घेतला म्हणजे लबाडीच?

‘जर्नलनं शोधनिबंध मागे घेतला, म्हणजे लेखकाची लबाडी पकडली गेली आणि लेख गुपचूप काढून टाकला’ हा समज जुनाच आहे. ‘मागे घेणं’ हा शब्दच तसा आहे, त्यामुळे तो समज होणं साहजिक. पण निष्कर्षांवर आता भरवसा ठेवू नका, एवढाच त्याचा अर्थ. मागे घेण्याचं कारण चोरी असू शकतं, तसंच एक्सेलमधला सरकलेला रकानाही; कधी लेखक स्वतःच चूक कळवतात (हे सोपं नसतं). लेख सहसा जागेवरच राहतो. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) उघडून पाहा: पीडीएफवर तिरपा ‘रिट्रॅक्टेड’ शिक्का, सोबत सूचनेची लिंक. कारण काय आणि मागे कोण घेतंय, हे त्या सूचनेत सांगणं संपादकाचं कर्तव्य. पुरता हटवतात तो क्वचित, उदाहरणार्थ रुग्णाची ओळख उघड झाली असेल तर.