मॅरेज लायसन्स (अमेरिका)

मॅरेज लायसन्स म्हणजे अमेरिकेत लग्न लागायच्या आधी सरकारकडून घ्यायची परवानगी. बहुतेक राज्यांत ती काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) क्लर्कच्या ऑफिसात मिळते. आपल्याकडे आधी अक्षता पडतात, मग कधीतरी सवडीने भटजींची सही आणि साक्षीदार गोळा करून महापालिकेत नोंदणी होते, इथे सगळं उलटं आहे. आधी लायसन्स, मग लग्न, मग लग्न लावणाऱ्याने सही करून कागद परत पाठवायचा, आणि त्यानंतर सर्टिफिकेट. लायसन्स आणि सर्टिफिकेट एकच समजणारे खूप जण आहेत, पण लायसन्स हातात आलं म्हणजे लग्न झालं असं नाही, आणि लायसन्स न काढता पाचशे माणसांसमोर सप्तपदी केली तरी राज्याच्या दप्तरी तुम्ही अविवाहितच. भारताच्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली (१९५४) लग्नाआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, ते त्यातल्या त्यात याच्या जवळचं म्हणता येईल, फक्त इथे नोटीस बोर्डावर नाव लावून कोणी हरकत घेतंय का याची वाट बघत नाहीत.

केंद्र सरकारचा यात काही संबंध नाही, लग्नाचा कायदा ज्या त्या राज्याचा, त्यामुळे "अमेरिकेत काय नियम आहे" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. कॅलिफोर्नियात थांबावं लागत नाही, सकाळी लायसन्स घेऊन दुपारी लग्न करा, कागद ९० दिवस चालतो आणि राज्यातल्या कुठल्याही काउंटीत वापरता येतो. टेक्ससमधे लायसन्स मिळाल्यापासून ७२ तास थांबायचं, पण राज्याने ठरवलेला विवाहपूर्व कोर्स केला तर ती अट जाते आणि फीसुद्धा कमी होते. न्यू यॉर्कमधे २४ तास थांबायचं आणि ६० दिवसांत लग्न उरकायचं, शिवाय न्यू यॉर्क शहरात हे काम काउंटी क्लर्ककडे नसून सिटी क्लर्ककडे आहे, फी ३५ डॉलर. न्यू जर्सीत तर काउंटीचा प्रश्नच नाही, एडिसनला राहणाऱ्याने आपल्या टाउनशिपच्या (म्हणजे गावाच्या) रजिस्ट्रारकडे जायचं, सोबत अठरा वर्षांवरचा एक साक्षीदार अर्ज करतानाच न्यायचा आणि ७२ तास थांबायचं. इलिनॉयमधे लायसन्स दुसऱ्या दिवसापासून लागू होतं आणि ज्या काउंटीने दिलं तिच्याच हद्दीत चालतं, म्हणजे नेपरव्हिलसारख्या गावात, जिथे अर्धं गाव डुपेज काउंटीत आणि दक्षिणेकडचा भाग विल काउंटीत, तिथे हॉल नक्की कुठल्या बाजूला आहे हे बघितल्याशिवाय अर्ज करू नये. लास व्हेगसचं प्रकरण वेगळंच. तिथलं क्लार्क काउंटीचं ऑफिस सणासुदीलासुद्धा रोज सकाळी ८ ते मध्यरात्री १२ उघडं असतं.

बाकी बहुतेक ठिकाणी मात्र शनिवार-रविवार बंद, आणि आपली लग्नं तर नेमकी शनिवारी, कारण हॉल आणि पाहुणे तेव्हाच मिळतात. त्यामुळे मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात दोघांनीही ऑफिसातून सुट्टी काढून, अपॉइंटमेंट घेऊन जावं लागतं. आईवडील भारतातून महिनाभर आधी आलेत, कार्यालय बुक आहे, आचाऱ्याला ॲडव्हान्स दिलाय आणि लायसन्स राहिलंय, असं होतं बरं का.

प्रत्यक्ष खिडकीवरचं काम अर्ध्या तासाचं. फॉर्म बहुतेक काउंट्यांमधे आधी ऑनलाइन भरून ठेवता येतो, पण नंतर दोघांनी स्वतः जावं लागतं. पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स दाखवायचं. नागरिकत्व किंवा व्हिसा कोणता हे कॅलिफोर्नियात आडवं येत नाही, तिथले रहिवासी असायचीही गरज नाही. आधी घटस्फोट झाला असेल तर तो कोणत्या तारखेला पक्का झाला ते सांगावं लागतं, काही काउंट्या कागदही मागतात. मग खिडकीपलीकडचा डेप्युटी क्लर्क मसुदा छापून देतो आणि एक एक अक्षर तपासा म्हणून सांगतो, उजवा हात वर करून माहिती खरी आहे अशी शपथ घ्यायला लावतो, सही, पैसे, संपलं. तो मसुदा मात्र खरंच अक्षर न् अक्षर वाचावा.

कारण आपल्या लोकांची खरी अडचण नावांची. फॉर्मवर आईवडिलांची जन्माच्या वेळची नावं विचारतात, आणि आपल्या आईचं लग्नात आडनावच काय पहिलं नावही बदललेलं असतं, मग खिडकीसमोर उभं राहून नाशिकला फोन लावून "आई, तुझं माहेरचं पूर्ण नाव काय गं" विचारायची वेळ येते. दुसरं म्हणजे पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र लिहिलेलं असतं, इथल्या फॉर्मवर ते पहिलं आणि मधलं असं तोडावं लागतं, कुठे तोडायचं हे दोघांनी घरीच ठरवून जावं.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. कॅलिफोर्नियात २००९ पासून लायसन्सच्या फॉर्मवरच दोघांपैकी कोणालाही लग्नानंतरचं नवीन नाव लिहिता येतं, नवऱ्यालाही. पण मधल्या नावाला कायद्याने मोजकेच पर्याय दिलेत: दोघांपैकी कोणाचं तरी आत्ताचं किंवा जन्माचं आडनाव, किंवा स्वतःचं मधलं नाव आणि असं आडनाव यांची जोडी. नवऱ्याचं पहिलं नाव त्या यादीत नाही! म्हणजे स्नेहल प्रकाश कुलकर्णीला निखिल देशपांडेशी लग्न करून स्नेहल कुलकर्णी देशपांडे होता येतं, स्नेहल निखिल देशपांडे होता येत नाही, ते हवं असेल तर कोर्टात वेगळा अर्ज करा. आणि लग्न लागल्यावर विचार बदलला तरी दुरुस्ती म्हणून नाव बदलून मिळत नाही, फक्त कारकुनी चूक असेल तरच. (माझ्या मते नाव न बदलणं हाच सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.)

कॅलिफोर्नियात लायसन्सचे दोन प्रकार. पब्लिक घेतलं तर लग्नाला निदान एक साक्षीदार लागतो. कॉन्फिडेन्शियल घेतलं तर साक्षीदार लागत नाही आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय तो कागद त्या दोघांशिवाय कोणाला मिळत नाही, पण जोडपं आधीपासून एकत्र राहत असलं पाहिजे. लग्न लावायला गुरुजी चालतात, न्यायाधीश चालतात, आणि अनेक काउंट्या एखाद्या मित्राला फी घेऊन एका दिवसापुरतं लग्न लावायचे अधिकारही देतात. ओहायोसारख्या राज्यात मात्र गुरुजींनी आधी राज्याकडे स्वतःची नोंद केलेली असावी लागते, देवळातून गुरुजी ठरवताना हे विचारून घ्यावं. पेनसिल्व्हेनियात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेमुळे असंही लायसन्स मिळतं ज्यात लग्न लावणारा कोणीच नसतो, दोघं आणि साक्षीदार, बस. लग्न लागलं की गुरुजींनी सही करून कागद १० दिवसांत काउंटीला परत पाठवायचा हा कॅलिफोर्नियाचा नियम. त्यावर खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही, त्यामुळे हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी हा कागद ठेवू नये.

आज ही खिडकी नुसती फॉर्म भरायची वाटते, पण कोणाला लग्न करू द्यायचं आणि कोणाला नाही हे अमेरिकेत बराच काळ याच खिडकीवर ठरत होतं. अनेक राज्यांत वेगवेगळ्या वंशांच्या दोघांना एकमेकांशी लग्नाचं लायसन्स देणं बेकायदा होतं. व्हर्जिनियाने तर १९२४ च्या कायद्यात वंशाबद्दल खात्री पटेपर्यंत लायसन्स रोखून धरायचं काम क्लर्ककडेच दिलं. कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीसाठी आलेल्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, ती जमली कारण दोघांचा रंग सारखा दिसला की क्लर्क वंशाच्या रकान्यात दोघांपुढे "ब्राउन" लिहून मोकळा व्हायचा. याउलट लॉस एंजेलिसच्या काउंटी क्लर्कने अँड्रिया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांना लायसन्स नाकारलं, ते कोर्टात गेले आणि १९४८ मधे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती बंदी रद्द केली. साऱ्या देशातली बंदी १९६७ च्या लव्हिंग खटल्यात (लव्हिंग दांपत्य विरुद्ध व्हर्जिनिया) गेली.

लायसन्सआधीच्या रक्ततपासणीचंही असंच. सिफिलिस या लैंगिक आजाराच्या भीतीने कनेटिकटने १९३५ मधे ती सक्तीची केली, मग बऱ्याच राज्यांनी री ओढली, आणि मोंटानात बायकांसाठी रुबेलाची (जर्मन गोवराची) तपासणी २०१९ पर्यंत होती. २०१५ मधे समलिंगी विवाहाला देशभर मान्यता मिळाल्यावर केंटकीतल्या रोवन काउंटीच्या क्लर्क किम डेव्हिस यांनी लायसन्स द्यायचंच बंद केलं आणि कोर्टाचा अवमान म्हणून काही दिवस तुरुंगात काढले. काउंटी क्लर्क तिथे निवडून येतो, त्यामुळे त्याला सरळ बडतर्फ करता येत नव्हतं. पुढच्या वर्षी केंटकीने फॉर्मवरून क्लर्कचं नावच काढून टाकलं. अलाबामाने २०१९ मधे लायसन्सची पद्धतच बंद केली, आता तिथे जोडपं स्वतः फॉर्म भरून सही करून प्रोबेट कोर्टात (मृत्युपत्रं वगैरे बघणाऱ्या काउंटीच्या कोर्टात) नोंदवतं.

भारतात रीतसर लग्न होऊन नोंदणी झालेली असेल तर इथे पुन्हा लायसन्स काढायची गरज नाही, ते लग्न इथे धरलं जातं. इथे लग्न केलं असेल तर एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा) व्हिसा, ग्रीन कार्ड, पासपोर्टवर जोडीदाराचं नाव या सगळ्यासाठी काउंटीच्या शिक्क्याची सर्टिफाइड कॉपी लागते. ती आपोआप घरी येत नाही, वेगळे पैसे भरून मागवावी लागते. भारतातल्या कामासाठी तिच्यावर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल (परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का) करून घ्यायचं. दोन-तीन प्रती एकदमच मागवलेल्या बऱ्या.