‘अंतरात्म्याचा आवाज’ आला कुठून?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की ‘सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या’ असे आवाहन कोणीतरी करतेच. हे आवाहन गाजले ते १९६९ साली, काँग्रेसच्या घरच्या भांडणात.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. जुलैत बंगळूरला पक्षाच्या संसदीय मंडळापुढे इंदिरा गांधींनी जगजीवन राम यांचे नाव ठेवले, पण बहुमत नीलम संजीव रेड्डींकडे गेले. कामराज, स. का. पाटील ही ‘सिंडिकेट’ची, म्हणजे पक्षावर पकड असलेल्या बुजुर्गांच्या गटाची मंडळी आणि मोरारजी देसाई रेड्डींच्या मागे असणार, हे उघड होते. बाईंना झोंबले ते त्यांचेच गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी रेड्डींना दिलेले मत. इंदिराबाईंनी लगेच मोरारजींकडचे अर्थखाते काढून घेतले आणि १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. तरीही रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही त्यांचीच होती.

व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडणारे हेच ते देशमुख. विवेकाला स्मरून वागण्याचा दाखला खरे तर त्यांच्याकडेच होता! त्यांच्या मतदारांची दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना मिळावीत म्हणून काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा या दोन पक्षांशी बोलले. उजव्या पक्षांशी संगनमताचा आरोप करायला इंदिरा गटाला आयते निमित्त मिळाले. जगजीवन राम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी मतदानाची मोकळीक मागितली. इंदिराबाईंनी व्हिप (पक्षादेश) काढायला नकार दिला आणि मतदानाच्या तोंडावर अंतरात्म्याला साद घातली; रोख अर्थात गिरींकडे होता. यात तत्त्व किती आणि डाव किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला डावाचे पारडे जड वाटते. मात्र उमेदवार वरच्या मूठभरांनी ठरवायचा आणि खालच्यांनी निमूट शिक्का मारायचा, याबद्दलची चीड खोटी नव्हती.

१६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीत कोणालाच पुरेशी मते मिळाली नाहीत, म्हणून देशमुखांची मते दुसऱ्या पसंतीनुसार वाटली गेली. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. गिरींकडचे १३ खासदार रेड्डींकडे गेले असते तरी निकाल फिरला असता.

२५ ऑगस्टला कार्यकारिणीने एकतेचा ठराव केला. तो टिकला नाही. १२ नोव्हेंबरला पंतप्रधानांनाच पक्षातून काढण्यात आले आणि काँग्रेस दुभंगली. चव्हाण अखेर इंदिराबाईंकडे राहिले.

पुढे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सभागृहात व्हिप मोडणाऱ्याची आमदारकी-खासदारकीच धोक्यात आणली. राष्ट्रपतिपदाचे मतदान गुप्त असते आणि तिथे व्हिप लागू होत नाही. म्हणून क्रॉस-व्होटिंगची, म्हणजे पक्षाच्या उमेदवाराला सोडून पडलेल्या मतांची आकडेमोड होते ती निकालानंतर, आणि नावे बहुधा कुजबुजीतच राहतात.