ग्रंथालयाचा तास मोकळा नसतो

वऱ्हाडातल्या खेड्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतो: ग्रंथालयाच्या तासाला तयारी कशाला? पुस्तकं वाटा, पोरं गप्प बसली की झालं. हे खोटं आहे. वाचता न येणारं पोरगंही गप्पच बसतं!

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलंय, त्यात गोष्टींची पुस्तकंही आली.

कापूस वेचणीच्या दिवसांत असा तास घेऊन बघा. पोरांना घरून पऱ्हाटीचं एक बोंड आणायला सांगा. आदल्या दिवशी तुम्ही चार-पाच पुस्तकं चाळून ठेवा: एखादं कीटकांचं, एखादं कापडाचं, एक शेतातली गोष्ट. गोष्ट मोठ्यानं वाचायची आणि ऐन रंगात आली की थांबायचं. पुढं काय होईल ते पोरं सांगतील. वऱ्हाडीत सांगितलं तर उलट बरंच. मग जोड्या करून अनुक्रमणिकेतून बोंडअळी शोधायला लावा. गोंगाट होईल. होऊ द्या.

आणि पुस्तकं फाटतात म्हणून कपाटाला कुलूप? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ सालीच पहिला नियम सांगितला: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. डिंकाची बाटली आणि देवघेवीची वही सातवीच्या पोरींकडं द्या. नोंदी त्या आपल्यापेक्षा नेटक्या ठेवतात.