ऊन न लागणाऱ्या तळव्यांवर कॅन्सर

‘त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांना होतो, उन्हानं’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते निम्मंच खरं आहे. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन अतिनील किरणांना बऱ्यापैकी अडवतं. पण पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात कितीतरी माणसांच्या तळहातांवर नि तळपायांवर मोहरीएवढे टणक दाणे उठतात, आणि तिथे तर ऊन फारसं लागतच नाही. छातीपाठीवर पावसाचे थेंब उडाल्यासारखे ठिपके पडतात. त्यातल्या काहींना पुढे त्वचेचा कॅन्सर होतो. कारण असतं हातपंपाचं नितळ दिसणारं पाणी.

तळ्यांच्या पाण्यातून होणारे जुलाब आणि कॉलरा टळावेत म्हणून १९७०च्या दशकात बांगलादेशात गावोगावी कूपनलिका खणल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. पण जमिनीखालच्या गाळातलं आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य कुणी तपासलं नव्हतं. पश्चिम बंगालमध्ये १९८३च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी असे रुग्ण ओळखले. तोवर अनेकांना कुष्ठरोगी ठरवून वेगळं काढलं गेलं होतं, कुणी शाप म्हणालं होतं. आजाराइतकाच हा अन्यायही जिव्हारी लागतो.

आर्सेनिक डीएनएची अक्षरं थेट फारशी बदलत नाही. मग कॅन्सर होतो कसा? आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. कोणतं जनुक चालू ठेवायचं नि कोणतं बंद, हे ठरवणारी एक खूण म्हणजे मिथाइल गट : एक कार्बन, तीन हायड्रोजन. डीएनएतल्या सायटोसीन या अक्षरावर ती टिकलीसारखी बसते. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात, प्रमोटरवर, टिकल्यांची दाटी झाली की ते जनुक सहसा गप्प होतं. अक्षरं न बदलता होणाऱ्या अशा बदलांचं शास्त्र म्हणजे एपिजेनेटिक्स.

टिकल्या पुरवतो एस-अ‍ॅडेनोसिलमेथिओनिन, थोडक्यात ‘सॅम’ हा रेणू. आता गंमत बघा. यकृत आर्सेनिक लघवीवाटे बाहेर काढतं तेव्हा त्यालाही मिथाइल गटच चिकटवतं, आणि तेही सॅमकडूनच घेऊन! कणगी एक, खाणारे दोन. मग डीएनएवर टिकल्या कमी पडायला हव्यात. पण पश्चिम बंगालमधल्या बाधितांच्या रक्तात पी५३ आणि पी१६ या जनुकांच्या प्रमोटरवर त्या उलट जास्त सापडल्या. ही दोन्ही जनुकं बेलगाम वाढणाऱ्या पेशीला आवरतात. म्हणजे नुसत्या तुटवड्यानं हिशेब लागत नाही. टिकल्या लावणाऱ्या नि काढणाऱ्या विकरांचं (एन्झाइमांचं) कामही आर्सेनिक बिघडवतं.

सॅमची कणगी भरायला फोलेट हे ब-गटातलं जीवनसत्त्व लागतं. ते पालेभाज्या आणि डाळींत असतं. बांगलादेशात फोलेट कमी असलेल्या प्रौढांना १२ आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे फोलेटचंच गोळीतलं रूप, दिलं, तेव्हा रक्तातलं आर्सेनिक सुमारे १४ टक्क्यांनी घटलं. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत जेमतेम अडीच टक्क्यांनी. विडी-सिगारेटनं मात्र ही सफाई मंदावते. म्हणून ‘डीएनए डिटॉक्स’च्या पुड्या कुणी विकायला आलं तर पैसे देऊ नका. विषारी पाणी पोटात जाणं थांबलं नाही, तर कोणतीही गोळी पुरी पडत नाही.

पाणी उकळूनही उपयोग नाही. वाफ उडते, आर्सेनिक भांड्यातच राहतं, उलट अधिक दाट होतं. बांगलादेशात तपासणी करून दूषित हातपंपांची तोंडं लाल रंगवली, चांगल्यांची हिरवी. जमिनीखालचा गाळ इतका बेभरवशाचा आहे, की लाल पंपापासून हाकेच्या अंतरावर हिरवा सापडतो आणि बायका घागर घेऊन तिकडे वळतात.