मानव विकास आणि कुटुंब अभ्यास

गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत माणूस कसा घडतो आणि त्याच्या घडण्यात घराचा वाटा किती, हे तपासणारी ज्ञानशाखा. भारतात ती गृहविज्ञानाच्या पोटात वाढली, त्यामुळे ‘स्वयंपाक-शिवणाचा कोर्स’ ही ओळख तिला अजून चिकटलेली आहे. हा तिच्यावर अन्याय आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर (१९१७–२००५) यांनी १९७९ मध्ये मांडलेली चौकट या विषयाचा कणा मानली जाते. मुलाभोवती घर, शाळा, आईवडिलांचे काम, समाजाच्या रीती अशी एकात एक वर्तुळे असतात आणि सगळ्यात बाहेरचे वर्तुळही मुलापर्यंत पोहोचते. नाशिक जिल्ह्यात हे पुस्तकाबाहेर दिसते. सुरगाणा-पेठकडची कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) सुरू झाली की आईबापांबरोबर मूलही निघते आणि गावची अंगणवाडी मागे राहते. त्याचे वजन का घटले, ते बोलायला का मागे पडले, याचे उत्तर बागेच्या वेळापत्रकात शोधावे लागते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडीची कल्पना मात्र त्याहून जुनी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ती १९४५ मध्ये बोर्डीला रुजवली होती. आज अंगणवाडीत मुलाच्या डाव्या दंडाला लाल-पिवळी-हिरवी मोजपट्टी गुंडाळतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. मोजायला मिनिटभर पुरते. त्या मुलाच्या घरी जाऊन, आईला न दुखावता बोलणे शिकायला मात्र वर्षे लागतात.

म्हणूनच या अभ्यासात निरीक्षणवहीला मोठे मोल आहे. ‘मूल हट्टी आहे’ असे लिहिले की ती नोंद बाद. ‘तीनदा ठोकळा फेकला, चौथ्यांदा फेकण्याआधी आईकडे पाहिले’ ही खरी नोंद. त्या पाहण्यात सगळा जीव आहे, आणि एकदा ते दिसू लागले की विद्यार्थिनी मुलावर शिक्का मारायची घाई करत नाही.

हा विषय शिकून अंगणवाडी पर्यवेक्षण, पूर्वप्राथमिक शिक्षण, बालगृहे, कुटुंब समुपदेशन, वृद्धसेवा अशा कामांत जाता येते. काही पदांना त्यावर समाजकार्य किंवा शिक्षणशास्त्राची जोड लागते. नुसत्या या पदवीवर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले वेगळे प्रशिक्षण आणि नोंदणी आवश्यक असते.