संपूर्ण घराचा ह्युमिडिफायर : बिघाड आणि दुरुस्ती

अमेरिका व कॅनडाच्या थंड भागांत घर तापवणाऱ्या फर्नेसच्या हवानळीवर, म्हणजे डक्टवर, बसवलेले आणि हिवाळ्यात घरभरच्या हवेत ओलावा मिसळणारे उपकरण. मराठीत त्याला आर्द्रक म्हणता येईल. तिकडच्या मराठी घरांत मात्र ह्युमिडिफायर हाच शब्द चालतो. टेबलावर ठेवून रोज पाणी भरायचे छोटे यंत्र वेगळे. याला नळाचे पाणी कायमचे जोडलेले असते, जादा पाणी सांडपाण्याच्या वाटेने जाते, आणि सगळा कारभार बेसमेंटमध्ये नजरेआड चालतो. त्यामुळे ते बंद पडले तरी अर्धा हिवाळा कुणाच्या लक्षात येत नाही. ओठ फुटू लागतात, दाराच्या मुठीला हात लावताच स्थिर विजेचा चटका बसतो, मुलांच्या नाकातून रक्त येते, तेव्हा कुठे कुणीतरी खाली जाऊन पाहते.

गरज हवेच्या स्वभावातून येते. उणे १० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जेमतेम २ ग्रॅम बाष्प मावते. २१ अंशांना १८ ग्रॅमच्या आसपास. बाहेरची ती हवा फटींतून आत आली आणि फर्नेसने तापवली की बाष्प तेवढेच राहते, मावण्याची जागा मात्र कित्येक पट वाढते. बाहेर धुके असले तरी घरातली सापेक्ष आर्द्रता १०-१२ टक्क्यांवर येते. लाकूड, कातडे आणि माणसाचे नाक, तिघांनाही ही हवा सोसत नाही. मिरजेहून नेलेल्या तानपुऱ्याची तबली तडकते, भोपळ्याचा जोड सुटतो; तबल्याची पुडी ताणून स्वर चढतो आणि एखाद्या रात्री फाटतेही. परदेशात रियाज करणाऱ्या घरांत या यंत्राकडे बारीक लक्ष असते ते यामुळे.

हवेत मुद्दाम ओलावा घालण्याची विद्या घरांत आली कारखान्यांतून. एअर कंडिशनिंग हा शब्दच मुळी १९०६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट येथील स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या अभियंत्याने वापरात आणला, आणि त्याच्यासमोर प्रश्न होता सुताला ओलावा देण्याचा. कोरड्या हवेत सूत तुटते. मुंबईच्या गिरणगावातल्या मागखात्यांतही याच कारणासाठी हवा दमट ठेवली जाई. कामगारांच्या छातीला तो दमटपणा किती भोवला, ही वेगळी आणि दुःखाची कथा आहे.

रचना व प्रकार : सर्वांत जास्त आढळणारा प्रकार वाहत्या पाण्याचा. वर एक छोटी पन्हळ, तिच्या भोकांतून पाणी खाली उभ्या पॅडवर झिरपते, पॅडमधून फर्नेसची गरम हवा जाते, ओली होऊन घरात पसरते, आणि न उडालेले पाणी तळाच्या नळीतून गटाराकडे जाते. नागपूर-अकोल्याच्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल, कारण कूलरही असाच चालतो. फरक हेतूत आहे. कूलरला गारवा हवा असतो, दमटपणा त्याच्यासोबत येतो. इथे दमटपणा हवा असतो, आणि येणारा गारवा फर्नेसला जास्त गॅस जाळून भरून काढावा लागतो. एक लिटर पाणी उडवायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट इतकी उष्णता लागते. कूलर तेच पाणी फिरवतो, म्हणून त्याच्या टाकीत क्षार साठतात. इथे पाणी एकदाच वाहून जाते. ही उधळपट्टी वाटते, पण त्या वाहत्या पाण्यासोबत क्षारही धुऊन जातात.

याच प्रकारात काहींना स्वतःचा पंखा असतो, तर काही दोन डक्टांमधल्या हवेच्या दाबातील फरकावर चालतात. त्यांना बायपास म्हणतात. वाफेचे ह्युमिडिफायर पाणी उकळून वाफ डक्टमध्ये सोडतात. फिरत्या ढोलाचा जुना प्रकार अजून काही घरांत दिसतो: स्पंजचे वेष्टण असलेला ढोल साठलेल्या पाण्यात फिरतो. साठलेल्या कोमट पाण्यात बुळबुळीत थर, जिवाणू आणि बुरशी वाढते आणि तीच हवा घरभर जाते. अशा हवेने काहींना ताप आणि फुप्फुसांचा दाह होतो. वैद्यकात त्याला ह्युमिडिफायरचाच ताप म्हणतात. ढोल दुरुस्त करण्यापेक्षा बदलून वाहत्या पाण्याचा बसवणे हेच शहाणपणाचे.

बिघाडाची पारख : पहिला प्रश्न यंत्राला नव्हे, घरातल्या आर्द्रतामापकाला विचारावा. स्वस्त मापक पाच-दहा टक्के सहज चुकतो. त्याची परीक्षा मिठाने होते. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन पाण्याचे थेंब टाकावेत, ओल्या वाळूसारखा लगदा व्हायला हवा, पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवावेत. सकाळी काटा ७५ टक्क्यांवर हवा; ७० दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक वाचनात ५ मिळवायचे. एवढे केल्यावर बरीच बिघडलेली यंत्रे आपोआप बरी होतात.

मग झडप. बायपास प्रकारात साधारण सहा इंची गोल नळीत हाताने फिरवायची झडप असते, तिच्यावर उन्हाळा आणि हिवाळा अशा खुणा असतात. वसंतात बंद केलेली ती झडप शरदात उघडायची राहून जाते. यंत्र पाणी घेते, सोडते, पण हवाच जात नाही. कारागिराला बोलावण्याआधी ही झडप पाहिलीच पाहिजे.

झडप उघडी असेल, तर पुढचा सगळा शोध पाण्याच्या मागोमाग जातो, आणि सुरुवात उलट्या टोकाने, निचऱ्याच्या नळीपासून करावी. ती नळी म्हणजे या यंत्राची नाडी. ह्युमिडिस्टॅट, म्हणजे आर्द्रतेचा नियंत्रक, सर्वांत वर न्यावा, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाचा नियंत्रक, वाढवून फर्नेस सुरू करावी आणि पंखा लागल्यावर दोन-चार मिनिटांनी नळीचे टोक पाहावे. बारीक, सलग धार येत असेल, पॅड वरपासून खालपर्यंत ओले असेल आणि हवा गरम असेल, तर यंत्र आपले काम करते आहे; दोष घरात शोधायचा. धार नसेल, तर पाणी कुठे अडले ते पाहायचे. नेहमीच्या यंत्राला तासाला सुमारे ११ लिटर पाणी मिळते आणि त्यातले मोठे प्रमाण खाली जाते, तेव्हा नुसते ठिपकणारे टोक ही चांगली खूण नव्हे.

फर्नेस लागताना यंत्राजवळ कान द्यावा. पाण्याचा सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारा, व्हॉल्व्ह उघडताना बारीक टक् आवाज होतो.

टक् होते पण पाणी नाही, अशी तक्रार जड पाण्याच्या भागांत ठरलेली असते. इंडियाना किंवा इलिनॉयच्या खेड्यांतले विहिरीचे पाणी, पाठ्यपुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात ते, चुना सोबत घेऊन येते. संशय पहिला येतो मुख्य नळावर बसवलेल्या सॅडल व्हॉल्व्हवर. हा चिमटा तांब्याच्या नळाला सुईने भोक पाडून पाणी घेतो. वर्षानुवर्षे न हलवल्यावर ते भोक गाळाने बुजते, आणि फिरवायला जावे तर बुडातून गळू लागते. अनेक ठिकाणच्या प्लंबिंग नियमांना तो मान्य नाही. त्याला चुचकारत बसण्यापेक्षा काढून टाकावा आणि नळाला टी-जोड देऊन पाव फेऱ्यात बंद होणारा व्हॉल्व्ह बसवावा. खर्च थोडा, झोप निवांत.

तिथून पाणी पुढे आले तर व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळीची गाळणी, आणि मग ऑरिफिस. पाण्याचे प्रमाण ठरवणारी ही छोटी पितळी किंवा प्लास्टिकची गुंडी. मधले भोक सुईच्या टोकाएवढे. पाणी बंद करून ती काढावी आणि दिव्यासमोर धरावी. भोकातून उजेड स्पष्ट, गोल दिसायला हवा. अर्धचंद्र दिसला तर चुना बसला आहे. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवली की बुडबुडे येत चुना विरघळतो. टाचणीने मात्र खरवडू नये. भोक जरासे मोठे झाले तरी पाणी वाढते, पॅडवरून हवेबरोबर उडते आणि डक्ट गंजवते.

टक् आवाजच नाही, तर प्रश्न विजेचा. फर्नेसचा मुख्य स्विच बंद करून तारा तपासाव्यात, आणि पुन्हा सुरू करून व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा. तिथे २४ व्होल्ट एसी हवे असतात. मिळत असूनही व्हॉल्व्ह उघडत नसेल तर व्हॉल्व्हची गुंडाळी गेली: वीज तोडून तारा सुट्या करून रोध मोजला तर शाबूत गुंडाळी काही दशक ओहम दाखवते, तुटलेली काहीच दाखवत नाही. रोध शून्याजवळ आला तर गुंडाळी आत जळून जुळली आहे, आणि तिने २४ व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर किंवा फर्नेसच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरचा ३ अथवा ५ अँपिअरचा फ्यूजही सोबत नेला असेल. व्हॉल्व्हपाशी २४ व्होल्ट येतच नसतील तर मागे मागे जायचे. ह्युमिडिस्टॅटच्या दोन तारा क्षणभर जोडून पाहाव्यात. टक् झाले तर तो बदलायचा. नाही झाले तर ट्रान्सफॉर्मर. काही फर्नेसच्या पाटीवर ह्युमिडिफायरसाठी वेगळे टोक असते, ते कुठे २४ व्होल्टचे, कुठे १२० व्होल्टचे. पाटीवरचा छापील नकाशा वाचल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पाणी येते, पण पॅडचा निम्मा भाग कोरडा, हेही नेहमीचे. वरच्या पन्हळीच्या खाचा बुजलेल्या असतात किंवा यंत्रच तिरके बसलेले असते. लेव्हल लावली की कळते. पॅड म्हणजे बहुधा चिकणमातीसारखा थर दिलेली अॅल्युमिनियमची जाळी. तिचे गुण त्या थरात, म्हणून घासून धुण्यात अर्थ नसतो. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी नवे घालावे आणि काही पॅडांवर वरची बाजू दाखवणारी रंगाची खूण असते ती पाहून बसवावे. जुने पॅड बाहेर काढल्यावर पाण्याचा पूर्ण इतिहास हातात येतो: एकसारखा पांढरा पापुद्रा म्हणजे पाणी नीट पसरत होते, उभे पट्टे म्हणजे पन्हळ बुजली होती, तांबूस डाग म्हणजे लोह.

फर्नेस बंद असतानाही धार चालूच राहिली तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला आहे. याकडे दुर्लक्ष महागात पडते. निचऱ्याची नळी बुळबुळीत थराने तुंबली असेल तर ते पाणी यंत्राच्या तळातून ओसंडून थेट फर्नेसमध्ये उतरते आणि आतली इलेक्ट्रॉनिक पाटी व उष्णता-विनिमयक, म्हणजे ज्वाळेची उष्णता हवेला देणारा भाग, खराब करते. फर्नेसच्या अंगावर ह्युमिडिफायरखाली गंजाचा ओघळ दिसला, की बाकी सगळे सोडून आधी निचरा साफ करावा आणि नळीला सलग उतार द्यावा.

वाफेच्या इलेक्ट्रोड प्रकाराचा न्याय वेगळा. तिथे वीज पाण्यातूनच वाहते आणि पाणी उकळते. म्हणून अतिशुद्ध, आर.ओ.चे पाणी दिले तर वीज वाहतच नाही आणि यंत्र निर्दोष असूनही वाफ देत नाही. सॉफ्टनरचे, म्हणजे जडपणा काढलेले, पाणी दिले तर फेस होतो. उकळण्याचे भांडे साधारण हंगामागणिक बदलावे लागते. भांड्यात १२० किंवा २४० व्होल्ट असतात, तेव्हा मुख्य वीज तोडून, पाणी निचरू देऊनच झाकण उघडावे.

यंत्र ठीक, घर कोरडे : धार, पॅड, हवा सगळे नीट असून आर्द्रता चढत नसेल तर दोन गोष्टी पाहायच्या. एक, हवा पुरेशी गरम आहे का. हीट पंपाची, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर तापवणाऱ्या विजेच्या यंत्राची, हवा गॅस फर्नेसपेक्षा बरीच कोमट असते; तिथे ह्युमिडिफायरला गरम पाण्याचा नळ जोडला की बाष्पीभवन वाढते. दुसरे, घर किती गळके आहे. शेकोटीच्या धुराड्याची उघडी झडप, माळ्याचे सैल झाकण, तासन्‌तास चालणारा एक्झॉस्ट पंखा: ओली हवा तिथून जाते आणि बदल्यात बाहेरची कोरडी येते. अशा घरात मोठा ह्युमिडिफायर बसवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आधी फटी बुजवाव्यात.

अति आर्द्रता : नियंत्रक चढवून सोडून देणे ही सर्वांत नुकसानकारक चूक, आणि ती बिघाडात मोजली पाहिजे. बाहेर जितकी थंडी जास्त तितकी आतली आर्द्रता कमी ठेवावी लागते, नाहीतर खिडकीच्या काचांवर पाणी सुटते, चौकटी कुजतात, आणि माळ्यावर छताच्या फळ्यांना आतून दव गोठून बुरशी धरते. उत्पादकांच्या तक्त्यांचा अंदाज असा: बाहेर ४ अंश सेल्सियस असताना ४५ टक्के, उणे १ ला ४०, उणे ७ ला ३५, उणे १२ ला ३०, उणे १८ ला २५ आणि उणे २९ ला अवघे १५. स्वयंचलित नियंत्रक बाहेरच्या संवेदकावरून हे स्वतः करतो. त्याची तार सुटली किंवा संवेदक उन्हात बसवला असेल तर हिशेब चुकतो. तानपुऱ्यासाठी म्हणून घरभर ४५ टक्के धरून ठेवणे कडाक्याच्या थंडीत घराला परवडत नाही. वाद्य त्याच्या पेटीत, ओलावा राखणाऱ्या पाकिटासह ठेवावे आणि घराचा काटा खाली येऊ द्यावा.

हंगामाअखेर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पॅड काढून टाकायचे, पन्हळ व तळ पुसून कोरडे करायचे आणि बायपासची झडप उन्हाळ्याच्या खुणेवर न्यायची. ही झडप उघडी राहिली तर एसीची थंड हवा खोल्यांकडे जाण्याऐवजी त्याच वाटेने परत फिरते. जुलैत खोल्या गार होत नाहीत, एसीच्या कॉइलवर बर्फ साठतो, आणि कारागीर एसी तपासत राहतो.