फेरविचार म्हणजे खटला पहिल्यापासून नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जमिनीचा दावा हरला की हमखास सांगतात, "फेरविचार अर्ज टाका, सगळी केस परत चालेल." तसं होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 47 प्रमाणे फेरविचार होतो तो मोजक्याच कारणांनी: खटपट करूनही आधी न मिळालेला महत्त्वाचा पुरावा सापडला, रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक असली, किंवा तशाच तोडीचं कारण असलं तर. अर्जही शक्यतो त्याच न्यायाधीशांपुढे जातो, वरच्या कोर्टात नाही. साक्षींचा अर्थ चुकीचा लावला, ही तक्रार अपिलाची. फेरविचाराची मुदत 30 दिवस. हायकोर्टाच्या खालच्या कोर्टात करायच्या अपिलाचीही तेवढीच. या गैरसमजापायी अपिलाची मुदत हुकणं फार वाईट. कन्नड निकाल मराठीत नीट समजून घ्या आणि वकिलांना आधी अपिलाचं विचारा.